‘लमाण’ : एक शब्द व एक नट

मुखेड परिसरात ‘लमाण’ हा शब्द उच्चारताच तांडा डोळ्यांसमोर उभा राहतो. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदेशी नेणे हा या समाजाचा पूर्वापार व्यवसाय. संस्कृत ‘लवण’ या शब्दापासून हे नाव आले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आगगाडी व पक्के रस्ते आले आणि तो व्यवसाय बुडाला. नाव मात्र राहिले. हेच नाव डॉ. श्रीराम लागू (१९२७-२०१९) यांनी आपल्या आत्मचरित्रास दिले. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा तो नट, हे त्यामागील रूपक होय. ते कितपत यथार्थ आहे, हे त्यांच्याच कारकिर्दीवरून पाहता येईल.

साताऱ्यात जन्मलेल्या लागूंनी पुण्यात वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि कान, नाक व घसा यांचे शल्यविशारद म्हणून पुण्यात व टांझानियात काम केले. १९६९ साली तो व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर त्यांनी रंगभूमीवर उभे केले.

चित्रपटांतील त्यांच्या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत, दोन्ही मास्तरांच्याच. ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटाच्या कथासूत्रावर आधारलेल्या व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) तमाशाच्या मोहात सापडून एका आदर्शवादी शिक्षकाचा अधःपात होतो. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या ‘सामना’त एक दारुडा मास्तर सत्ताधीश हिंदुरावांपुढे, मारुती कांबळेचे काय झाले, हा एकच प्रश्न पुनःपुन्हा मांडतो. शब्द जवळजवळ तेच राहतात; परंतु आधी कुतूहल, मग टोचणी आणि अखेरीस आरोप, असा अर्थ पालटत जातो.

येथेच रूपकाची मर्यादा दिसते. गोणीतले मीठ वाटेत बदलत नाही. वाक्य मात्र उच्चारणाऱ्याच्या मुखातून नवा अर्थ घेऊन बाहेर पडते. तेव्हा हे रूपक यथार्थतेपेक्षा नटाच्या विनयाचे द्योतक आहे. परक्याचा माल सांभाळून पोचविण्याची जबाबदारी, एवढा त्याचा अंश मात्र पूर्णपणे खरा.

व्यवहारात ‘लमाण’ हा शब्द अनेकदा हिणवण्यासाठी योजला जातो. एका थोर नटाने तोच अभिमानाने स्वतःस लावून घेतला. तांड्यावरून शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर आपण तो कोणत्या स्वरात उच्चारतो, हा प्रश्न आपणा अध्यापकांसाठी केवळ व्युत्पत्तीचा नाही.