नर की मादी, कळायला सात वर्षं

कोकणातल्या परसातलं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड बहुतेक वेळा कुणी लावलेलं नसतंच. पऱ्या-व्हाळाच्या काठाला वानरानं चोखून टाकलेली बी रुजते आणि मालक ते रोप उपटत नाही, एवढाच त्याचा इतिहास. आंब्या-काजूच्या कलमांचा हिशेब तोंडपाठ असलेला बागायतदारही कोकमाच्या बाबतीत ‘आलं तर आलं’ म्हणतो. सोलकढी, अमसूल, आगळ आणि सरबत यांवर वर्षभर जगणाऱ्या प्रदेशात हे असं का, याचं उत्तर या झाडाच्या रानटी स्वभावात आहे.

कोकम हे मूळचं पश्चिम घाटातल्या सदाहरित रानातलं झाड. दक्षिण कोकण, गोवा, कारवार ते उत्तर केरळ हा त्याचा टापू. या टापूबाहेर ते रानात क्वचितच भेटतं. आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा १५६३ मध्ये गोव्यात छापलेला संवादग्रंथ या आंबट लाल फळाची दखल घेतो. म्हणजे फळाची ख्याती जुनी, लागवड मात्र कालपरवाची.

लागवड अडली ती एका गोष्टीवर. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. त्याच्याच कुळातल्या मॅंगोस्टीनचा बागायतदार इथे सुखी आहे. त्या झाडाची बी फलनाशिवाय तयार होते आणि रोप आईवर जातं. कोकमाची बी असा भरवसा देत नाही. रोप वाढतं, टोकदार शंकूसारखा आकार धरतं, तांबूस पालवी फोडतं, पण नर की मादी ते फुलल्याशिवाय कळत नाही आणि फुलायला सात-आठ वर्षं लागतात. नराची फुलं झुबक्यानं येतात, आत पुंकेसरांची गर्दी. मादीचं फूल एकटंदुकटं, मधोमध फुगीर अंडाशय. रोपांतली साधारण निम्मी नर निघतात. इतकी वर्षं शेणखत-पाणी घालून निम्म्या जागेत फळच धरणार नसेल, तर कोण रोपं लावील?

यावर तोडगा निघाला मृदुकाष्ठ कलमाचा. कोवळ्या रोपाचा शेंडा उडवून खोडाला उभी चीर द्यायची, भरपूर फळणाऱ्या मादी झाडाची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. काडी कुठली घेतली, यावर पुढचं सगळं ठरतं. सरळ वर जाणाऱ्या फुटव्याची काडी घेतली तर झाड उभं वाढतं. बाजूच्या आडव्या फांदीची घेतली तर कलम जगतं, फळतंही, पण जमिनीलगत पसरत राहतं आणि आधाराची काठी मागतं. झाडावर आडव्या फांद्याच जास्त, उभे फुटवे मोजकेच. म्हणून चांगल्या कलमांचा तुटवडा असतो. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळायला लागतं आणि मादी असल्याची खात्री असते. तरीही परागीभवनासाठी बागेत दहा टक्के नर कलमं ठेवावीत, अशी शिफारस आहे.

देखभालीचं म्हणाल तर रानात ते कसं वाढतं तेवढं लक्षात ठेवावं. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढायची सवय असल्यानं कोवळं रोप मार्च-एप्रिलच्या उन्हात करपतं. पहिले दोन-तीन उन्हाळे वर सावली आणि बुंध्याशी पाणी हवंच. आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं की ओल टिकते. सहा-सहा मीटरवर लावावं. नारळ-पोफळीच्या बागेत आंतरपीक म्हणून ते खुशीत राहतं. पाणी साचणारी जागा टाळावी, उतार चालतो. मोठं झाल्यावर त्याची फार उस्तवार लागत नाही.

खरी धावपळ काढणीची. फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं आणि अमसुलाला कडक ऊन लागतं. फळं फोडून बिया-गर वेगळा काढतात, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळत घालतात. वाळली की पुन्हा रस, पुन्हा ऊन. असे चार-पाच फेरे झाल्यावर साल काळपट, चिवट होते. मध्येच वळवाची सर आली की बुरशी धरते. उशिरा पिकणाऱ्या झाडांचा माल तर जूनच्या पावसातच सापडतो. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं १९९७ मध्ये दिलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीचा मोठा गुण म्हणजे ती पावसाआधी हाती येते. ‘कोकण हातीस’ ही नंतरची जात मोठ्या फळाची. बियाही वाया जात नाहीत. त्या कुटून पाण्यात उकळल्या की वर येणारं तेल निवल्यावर घट्ट होतं. तेच भेगाळलेल्या टाचांना लावायचं मुठेल.

आता सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे आणि कलमंही मिळतात. धोका नेमका इथे आहे. कलम म्हणजे एकाच झाडाची नक्कल. मोजक्या जातींच्या कलमांनी बागा भरल्या आणि ‘बिनकामाचे’ म्हणून परसातले नर सरपणाला गेले, तर पुढची जात निवडायची कशातून? लवकर पिकणारं, जाड सालीचं, गडद रंगाचं झाड आजवर कुणाच्या तरी व्हाळाकाठीच सापडलं आहे. त्यामुळे कलम बागेत जरूर लावावं, पण बांधावरच्या आपोआप उगवलेल्या रातांब्याला कुऱ्हाड लावू नये, मग तो नर का असेना.