कमी चाललेली मोटार : एका विलायती मोहाविषयी

दुर्मिळ अमेरिकन स्पोर्ट्स कार, पन्नास-साठ वर्षांची, उत्तम राखलेली, फारच थोडी चाललेली, अशी एखादी विक्रीची वार्ता कऱ्हाडच्या गॅरेजातून पाटणच्या बाजारपेठेत येऊन पोहोचली, की ज्याच्या पदरी कोयनाकाठची दोन एकर उसाची जमीन आणि मनात मोटारींविषयीचे जुने प्रेम आहे, असा गृहस्थ प्रथम विचारतो तो प्रश्न ठरलेला असतो : काटा किती दाखवतो? या प्रश्नाच्या उत्तरावर जी श्रद्धा ठेवली जाते, ती बव्हंशी अस्थानी असते.

त्या काळच्या बहुतेक अमेरिकन मोटारींच्या काट्यावर मैलांचे पाचच अंक असत, आणि ९९,९९९ मैल झाले की काटा पुन्हा शून्यावर येई. म्हणजे १२,००० हा आकडा बारा हजार मैलांचा असू शकतो, तसाच तो एक लाख बारा हजारांचाही असू शकतो. शिवाय तो मैलांचा असल्यामुळे त्याचे सुमारे १९,३०० किलोमीटर होतात, हे सांगण्याचे विक्रेत्याला बहुधा सुचत नाही. म्हणून जाणता मनुष्य काट्यापेक्षा ब्रेकच्या पायपट्टीवरील रबराकडे, चालकाच्या आसनाच्या दबलेल्या कडेकडे आणि दाराच्या बिजागरीतील ढिलेपणाकडे आधी पाहतो. पायपट्टीचे रबर एका कोपऱ्यात झिजून गुळगुळीत झाले असेल आणि काटा मात्र बारा हजारांवर संकोचाने थांबला असेल, तर दोहोंपैकी रबराचीच साक्ष ग्राह्य धरावी.

परंतु याहून मोठा गैरसमज असा, की मोटार खरोखरच कमी चालली असेल तर ती सुस्थितीत असलीच पाहिजे. घरातील तांब्यापितळेची भांडी माळ्यावर ठेवल्याने झिजत नाहीत हे खरे. पण मोटार न चालवल्याने झिजते. इंजिनातील व गिअरपेटीतील रबरी सीलांना तेलाचा स्पर्श होत राहिला नाही तर ती वाळून तडकतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि आतल्या सिलिंडरला गंज चढवते. टाकीतील पेट्रोलचा चिकट थर बनून कार्बोरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजतात. पाटण खोऱ्यात, जेथे जूनपासून पुढे सूर्यदर्शन हीच एक बातमी असते आणि वर कोयनानगरच्या बाजूस एका हंगामात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे पत्र्याच्या पडवीत दहा वर्षे झाकून ठेवलेल्या गाडीचे आच्छादन काढले, तर कापडी अस्तराला बुरशीचा वास आणि बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या तारा, असाच अनुभव बहुधा पदरी येतो. त्यात आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसाच्या मळीपासून आणि रसापासूनही होते, तेव्हा सातारा-सांगलीकरांनी त्याला नावे ठेवणे शोभणार नाही. पण त्या इथेनॉलला पाण्याचे आकर्षण असते आणि साठ सालच्या रबरी नळ्या त्याच्यासाठी घडवलेल्या नव्हत्या, हे विसरता येत नाही. टायरची नक्षी कोरी दिसते म्हणून हर्षित होणाऱ्याने त्याच्या कडेवरील चार अंक वाचावेत : २३१७ याचा अर्थ २०१७ सालचा तेविसावा आठवडा. तीनच अंक दिसले तर टायर इसवी सन २००० पूर्वीचा आहे, आणि त्यावर कुंभार्ली घाट उतरण्याचे साहस करू नये.

‘अमेरिकन स्पोर्ट्स कार’ म्हटले की आठ सिलिंडरांची गर्जना ऐकू येणार, हीही एक समजूत आहे. शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३ साली आली तेव्हा तिला सहा सिलिंडरांचे, सुमारे १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि दोनच वेगांची स्वयंचलित गिअरपेटी होती. आठ सिलिंडर १९५५ मध्ये आले. पहिल्या वर्षी सहा सिलिंडरांच्या अवघ्या ३०० गाड्या निघाल्या, त्यामुळे त्यांचे मोल आगळे. तिची अंगकाठी काचतंतूंची असल्याने ‘हिला गंज चढतच नाही’ असे विकणारे छातीठोकपणे सांगतात, आणि ऐकणारे त्या काचतंतूंखाली लोखंडी सांगाडा आहे हे विसरतात. उलट १९६४ च्या एप्रिलमध्ये अवतरलेली फोर्ड मस्टँग पहिल्या बारा महिन्यांतच चार लाखांहून अधिक खपली. प्रत्येक जुनी मस्टँग दुर्मिळ मानणाऱ्यांनी एवढा आकडा ध्यानी ठेवावा.

आपल्याकडे अमेरिकन मोटारी मुळीच नव्हत्या असेही नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत जुळणीचा कारखाना काढला व तो १९५४ पर्यंत चालवला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. पण त्या कुटुंबवत्सल सेडान होत्या, स्पोर्ट्स कार नव्हेत. मस्टँग तर उजव्या सुकाणूसह कारखान्यातून येऊ लागली ती सहाव्या पिढीपासून, आणि भारतात अधिकृतपणे विकली गेली ती २०१६ साली. म्हणून १९६७ ची मस्टँग उजव्या सुकाणूची आढळली, तर ते सुकाणू नंतर हलवलेले आहे असे निःशंक समजावे. डावे सुकाणू रस्त्यावर आणणे हा गुन्हाच, हा समज मात्र खोटा. मोटार वाहन कायद्याचे १२० वे कलम तशा वाहनास चालू स्थितीतील यांत्रिक वा विद्युत इशारा-साधन असल्यास मुभा देते. अडचण आहे ती आयातीची. अमेरिकेतल्या भावाने जहाजावर चढवली आणि न्हावाशेवा बंदरात सोडवून घेतली, इतके ते सोपे नाही. वापरलेल्या मोटारीला सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून कमी वयाची आणि उजव्या सुकाणूची अट असून वर जबर जकात आहे, आणि विंटेज वाहनांची तरतूद निराळी आहे.

कागदपत्रांबाबत दोन टोकांच्या समजुती आढळतात. एक म्हणते, पंधरा वर्षे झाली की सरकार गाडी भंगारात घालते. वास्तविक पंधरा वर्षांनी खासगी मोटारीची नोंदणी तपासणीनंतर पाच पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. दुसरी म्हणते, जुनी गाडी म्हणजे आपोआप ‘विंटेज’. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली मोटारच त्या दर्जास पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. आता गंमत अशी, की पेट्रोल महागले तेव्हा आपल्याकडील कित्येक मालकांनी याच अमेरिकन मोटारींत डिझेल इंजिने बसवून काटकसर साधली. ती गाडी आजही उत्तम पळेल, पण विंटेज म्हणून नोंदवायला नेली तर परत येईल. आणि नोंदली गेली तरी रोजच्या वापराला किंवा भाड्याला तिची परवानगी नाही, म्हणजे लगीनसराईत नवरदेवाच्या वरातीला ती भाड्याने देऊन कर्जाचे व्याज भागवण्याचा बेत आधीच सोडून द्यावा. पाटण तालुक्यातील खरेदीदाराने कऱ्हाडच्या परिवहन कार्यालयात जाण्यापूर्वी सांगाड्यावरचा क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि नोंदणीपुस्तकातला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. गाडी परप्रांतातली असेल तर तेथील ना हरकत दाखल्यावाचून इसारही देऊ नये.

शेवटची समजूत विकणाऱ्याच्या बाजूची आहे. मोटार ही खासगी चीजवस्तू, तेव्हा ती विकून आलेल्या नफ्यावर प्राप्तिकर लागत नाही, असे सारेच मानतात. मुंबई उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. १९३१ सालची फोर्ड टूरर १९८३ मध्ये वीस हजार रुपयांना घेतली होती आणि पुढे ती एकवीस लाखांना विकली गेली. २०२५ मधील निर्णयात न्यायालयाने असे ठरवले, की मोटार वैयक्तिक वापरास योग्य असणे पुरेसे नाही, ती प्रत्यक्ष वैयक्तिक वापरात असली पाहिजे. आणि तसा पुरावा नसल्यामुळे नफा करपात्र ठरला. विक्रेता ज्या गोष्टीची बढाई मारतो, की ‘साहेब, ही बाहेर काढलीच नाही कधी’, तीच गोष्ट प्राप्तिकराच्या चौकशीत त्याच्या विरुद्ध जाते. तेव्हा अशी मोटार दाराशी बाळगणाऱ्याने महिन्यातून दोनदा तरी ती मल्हारपेठेपर्यंत फिरवून आणावी, आणि पेट्रोलची पावती, विम्याचा कागद, मिस्त्रीचे बिल हे सारे नोंदणीपुस्तकाच्या शेजारी लावून ठेवावे.