जोडीचा सर्व्हर आणि मुका टेलिफोन

पेडण्याच्या किनाऱ्यावरील हॉटेल असो वा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना, टेलिफोन यंत्रणेचा विषय निघाला की व्यवस्थापक मोठ्या समाधानाने एकच वाक्य ऐकवतात: ‘आमच्याकडे सगळे दोन-दोन आहे, एक बंद पडला तर दुसरा आपोआप चालू होतो.’ मोपाहून ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने ये-जा करू लागल्यावर अपरात्री येणारा फोन चुकू नये ही चिंता रास्तच आहे, आणि तिच्यापोटी केलेल्या दुप्पट खर्चाबद्दलही माझी तक्रार नाही; परंतु मधला स्विच तयार केलेला नसेल तर दुसरा सर्व्हर चालू होऊनही फोन मुकेच राहतात, ही गोष्ट बिल फाडणारा सांगत नाही आणि भरणारा विचारत नाही.

वस्तुस्थिती अशी. मुख्य आणि राखीव अशा दोन्ही सर्व्हरांत मिळून एक सामाईक आयपी पत्ता असतो. मुख्य सर्व्हर गतप्राण झाला की राखीव तो पत्ता स्वतःकडे घेऊन ‘यापुढे हा माझा’ अशी दवंडी पिटतो. या हस्तांतरासाठी व्हीआरआरपी वापरली असेल, तर आरएफसी ५७९८ मधील मूळ नियमाप्रमाणे मुख्य सर्व्हर दर सेकंदाला हजेरी देतो, आणि तीन हजेऱ्या चुकल्या की चौथा सेकंद संपण्याच्या आत राखीव कारभार हाती घेतो. पण सुरक्षिततेच्या नावाखाली ज्याने प्रत्येक पोर्टला एकेक यंत्र बांधून दिले आहे, त्याचा स्विच ही दवंडी तोतयाची समजून फेटाळतो, प्रसंगी ते पोर्टच बंद करतो. जमिनीचा मालक बदलूनही एक-चौदाच्या उताऱ्यावर जुन्याचेच नाव राहावे, तसा सारा आवाज मेलेल्या सर्व्हरच्या दाराशी जात राहतो. सामाईक पत्ता दोहोंपैकी कोणत्याही पोर्टावर येऊ शकतो, ही मुभा स्विचमध्ये आगाऊ नोंदवावी लागते.

याहून चीड आणणारा प्रकार स्पॅनिंग ट्रीचा. जाळ्यात फेरा होऊ नये म्हणून नुकते जागे झालेले पोर्ट स्विच काही काळ रोखून धरतो, आयट्रिपलई ८०२.१डी या मूळ मानकात ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ मिळून ३० सेकंद. बंद पडलेला स्विच परत उभा राहिला, की दुवा जुळल्याचे पाहून सर्व्हर त्याच वाटेने बोलू लागतो. हजेरी मात्र पलीकडे पोचत नाही, म्हणून राखीवही स्वतःस मुख्य समजतो आणि एका पत्त्याला दोन धनी होतात. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास १५० मिलिसेकंदांत पोचावा असे आयटीयूची जी.११४ ही शिफारस सांगते, येथे जी.७११ पद्धतीच्या एका संभाषणाची, सेकंदाला ५० या हिशेबाने, एका दिशेची दीड हजार पॅकेटे गडप होतात. यावर ‘आमचा स्विच नवा, रॅपिड जातीचा आहे’ हे उत्तर हमखास मिळते. महाराज, ती चपळाई स्विचा-स्विचांच्या आपापसांतील वाटाघाटीत आहे. सर्व्हर त्या वाटाघाटीला उत्तर देत नाही, सबब त्याचे पोर्ट ‘एज’ म्हणून जाहीर केलेले नसेल तर नवा स्विचही तेच ३० सेकंद मोजतो. अनेक स्विचांवर या अवधीत पोर्टचा दिवा नारिंगी राहतो, आणि त्याकडे टक लावून उभा असलेला मनुष्य दोष सर्व्हरला देतो. ज्याला एका ओळीचा हुकूम पुरला असता, त्यासाठी एवढा खटाटोप! (बरोबर बीपीडीयू गार्डही चालू करावा, नाहीतर तिथे कोणी चुकून दुसरा स्विच जोडला की फेऱ्याला आयतीच वाट.)

किरकोळ समज अनेक. चालू संभाषण वाचते म्हणतात. त्याची स्थिती दोन्ही सर्व्हरांत सतत नकलून ठेवली नसेल तर ते तुटते. इंटरनेटचा वेग वाढवल्याने यातले काहीही सुधारत नाही. दोन स्विच एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावले तर ते दोन नव्हेत. सर्व्हरला यूपीएस दिला म्हणजे झाले, हेही खोटे, कारण टेबलावरील फोनला वीज बहुधा स्विचकडूनच, केबलमधून मिळते. मे २०२१ मधील तौक्ते वादळात गोव्याची वीज कशी गेली होती ते ज्यांना आठवते, त्यांना अधिक सांगणे नलगे.

तेव्हा पावसाळा लागण्यापूर्वी एकदा, गिऱ्हाईक कमी असेल अशा वेळी, मुख्य सर्व्हरची केबल स्वतःच्या हाताने उपटावी, बाहेरून मोबाइलवरून फोन लावावा आणि सेकंद मोजावेत. मग केबल परत जोडून पुन्हा मोजावेत, कारण घात बहुधा परतीच्या वेळीच होतो. विक्रेत्याचे अखेरचे बिल त्यानंतरच चुकते करावे.