आड आणि पोहरा : सेवाधारित सॉफ्टवेअरची पंचवीस वर्षे

१९९६ साली गार्टनर या सल्लागार संस्थेतील रॉय शुल्टे आणि येफिम नाटिस यांनी ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’ (एसओए) ही कल्पना मांडली, तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या संगणक विभागांना एक जुने दुखणे जडलेले होते. ठेवींची एक प्रणाली, कर्जांची दुसरी, विम्याची तिसरी. प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. त्यांच्यातला संवाद म्हणजे दिवसाचे व्यवहार मिटल्यावर रात्री एकीकडून दुसरीकडे टाकलेली फाइल. फाइलने भागत नसे तिथे एका विभागाचा प्रोग्राम सरळ दुसऱ्या विभागाच्या डेटाबेसात हात घालायचा, आणि तिथला एखादा कॉलम बदलला की भलत्याच खात्याचे काम ठप्प व्हायचे. यावरचा नवा उपाय दिसायला साधा होता. कोणी कोणाच्या कपाटात हात घालायचा नाही. प्रत्येक प्रणालीने एक खिडकी उघडायची, काय मागता येईल आणि काय मिळेल हे खिडकीवर लिहून ठेवायचे, आणि मागणाऱ्याने रांगेत उभे राहायचे. १९९८ साली एक्सएमएल प्रमाणित झाले, २००० साली सोप आले, आणि या खिडक्यांना एक समाईक बोली मिळाली. पुढची पंचवीस वर्षे चाळली तर दिसते ते हे, की जितकी मेहनत खिडक्यांवर झाली तितकी खिडकीमागच्या दप्तरावर झाली नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? या उद्योगाने मात्र पोहरे बदलून पाहिले, दोर बदलून पाहिला, रहाटही बदलून पाहिला.

घोडे पेंड खात होते ते ‘ग्राहक’ या साध्या शब्दापाशी. ठेवींच्या प्रणालीत ग्राहक म्हणजे खातेदार, आणि संयुक्त खाते असेल तर दोघे. कर्जाच्या प्रणालीत कर्जदार हा ग्राहक. पण जामीनदाराला ग्राहक म्हणायचे की नाही, यावर दोन विभाग दोन बाजूंना. विम्यात हप्ता भरणारा एक, ज्याच्या जिवाचा विमा तो दुसरा, नॉमिनी तिसरा. त्यात आपल्याकडची नावे. एका फॉर्मवर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे हे कळायला मार्ग नाही. लग्नानंतरचे नाव कर्जाच्या कागदांवर आले पण बचत खात्यापर्यंत पोचलेच नाही. आणि रोमन लिपीत एकच आडनाव तीन कारकुनांनी तीन प्रकारे टंकलेले. ‘ग्राहकाची माहिती द्या’ ही सेवा लिहायला वेळ लागत नाही. तिने नेमकी कोणाची माहिती द्यायची, हे ठरवणे प्रोग्रामरच्या हातात नसते, आणि ज्यांच्या हातात असते त्यांना तो आपला प्रश्न वाटत नाही.

या पेचावर त्या काळाने शोधलेले उत्तर म्हणजे समाईक नमुना. ग्रेगर होपे आणि बॉबी वुल्फ यांच्या २००३ सालच्या ‘एंटरप्राइझ इंटिग्रेशन पॅटर्न्स’ या पुस्तकात तो ‘कॅनॉनिकल डेटा मॉडेल’ या नावाने भेटतो, आणि त्यामागचा हिशेब बिनतोड आहे. दहा प्रणालींनी एकमेकींशी थेट बोलायचे तर दोन्ही दिशांचे मिळून ९० दुभाषे लागतात. सगळ्यांनी मध्ये एकच भाषा मानली तर २० पुरतात. म्हणून मग मध्यभागी ‘एंटरप्राइझ सर्व्हिस बस’ आली आणि भाषांतराचे नियम तिच्यात लिहिले जाऊ लागले. पण बिनतोड हिशेबात एक गृहीतक दडलेले होते: सगळ्यांना सांगायचे तेच आहे, फक्त शब्द वेगळे आहेत. तसे नव्हते. समित्यांच्या बैठकांतून निघालेला समाईक ‘ग्राहक’ म्हणजे सर्व विभागांच्या सर्व रकान्यांची बेरीज झाली, आणि कोणाचीच अडचण होऊ नये म्हणून जवळजवळ प्रत्येक रकाना ऐच्छिक ठरला. ज्या करारात काहीच बंधनकारक नाही तो करार नव्हे. शिवाय नियम बसमध्ये गेल्याने ते सांभाळणारा गट धड ना ठेवींचा राहिला ना कर्जांचा. अर्थ त्याच्या हवाली, पण अर्थावरचा अधिकार त्याला नाही. एरिक इव्हान्स यांनी त्याच २००३ साली ‘डोमेन ड्रिव्हन डिझाइन’मध्ये उलटी दिशा दाखवली होती. एका शब्दाचे अर्थ ठिकठिकाणी वेगळे असतात हे मान्य करावे, प्रत्येक अर्थाची हद्द आखावी, आणि हद्द ओलांडताना भाषांतर उघडपणे करावे. ती दिशा बसच्या विक्रेत्यांना सोयीची नव्हती, कारण त्यांच्याकडे विकायला बस होती.

जानेवारी २००९ मध्ये बर्टन ग्रुपच्या अॅन थॉमस मेन्स यांनी एसओए मेले असे लिहून टाकले; सेवा मात्र जगतील, अशी पुस्तीही जोडली. तेव्हापासून एक समजूत रूढ आहे, की हा सारा डोलारा सोपच्या वजनाने कोसळला. आक्षेप पोकळ नाही. सोपच्या नावातला पहिला शब्द ‘सिंपल’ होता, आणि २००३ च्या १.२ आवृत्तीत ती आद्याक्षरे उलगडून सांगणेच सोडून दिले गेले, यात सगळे आले. सेवांची सार्वजनिक सूची म्हणून गाजवलेली यूडीडीआयची नोंदवहीही आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी २००६ च्या सुरुवातीला बंद केली. पण वजनाने माणूस मरतो म्हणावे तर एस्टोनियाचे काय करायचे? तिथे २००१ च्या डिसेंबरात ‘एक्स-रोड’ ही माहितीवाहिनी सुरू झाली. सरकारी खाती आपापले डेटाबेस आपल्याकडेच ठेवतात, प्रत्येकाच्या दारात एक सुरक्षा सर्व्हर असतो, आणि माहिती एका दारातून थेट दुसऱ्या दारात जाते. मधे कुठे साचत नाही. ही वाहिनी वर्षानुवर्षे सोपवरच धावली, रेस्ट या हलक्या पद्धतीची सोय तिच्यात २०१९ साली आली. तरी ती टिकली, कारण पत्ता हा लोकसंख्या नोंदणीचा, वाहन हे वाहन नोंदणीचे, हे कायद्याने ठरलेले होते. एकच माहिती गोळा करण्यासाठी दुसरा डेटाबेस उभारण्यास तिथला माहिती कायदा मनाई करतो. माणूसही ओळखू येतो तो ११ अंकी वैयक्तिक क्रमांकाने, नावाच्या स्पेलिंगने नव्हे. देश चिमुकला, जेमतेम १३ लाख वस्तीचा, जुन्या प्रणालींचे ओझे नसलेला, म्हणून जमले, असे कोणी म्हणेल. मग फिनलंडनेही हेच तंत्र घेतले, त्याचा उलगडा होत नाही. तिथे तर जुनी दप्तरे भरपूर होती.

कंपनीला कायदा करता येत नाही, हे खरे. पण मालकी ठरवता येते. अॅमेझॉनचे तंत्रप्रमुख वर्नर फोगल्स यांनी २००६ साली जिम ग्रे यांना दिलेल्या मुलाखतीत आपल्या घरची रीत सांगितली होती: डेटा आणि त्यावर काम करणारे तर्क एकत्र बांधायचे, बाहेरच्या कोणालाही डेटाबेसला थेट हात लावू द्यायचा नाही. याची किंमत मोजावी लागते, आणि ती लहान नाही. एका डेटाबेसात दोन टेबले जोडणे ही एका ओळीची गोष्ट. तीच टेबले दोन सेवांच्या पोटात गेली की जोडणीसाठी शेकडो फेऱ्या. पॅट हेलंड यांनी २००५ च्या एका निबंधात या किमतीचे मूळ दाखवले. सेवेच्या आतला डेटा ‘आत्ता’चा असतो, बाहेर पडलेला डेटा पोचेपर्यंत जुना झालेला असतो. सराफाच्या फळ्यावरचा सोन्याचा भाव तारखेसकट लिहिलेला असतो, तो काही दुकानदाराच्या हौसेने नव्हे. सेवेतून बाहेर गेलेल्या प्रत्येक आकड्याला तशी तारीख आणि तसा मालक हवा, एवढे मानले की निम्मी भांडणे मिटतात. या एका निबंधाचे मोल मला त्या दशकातल्या सगळ्या बसगाड्यांहून अधिक वाटते.

२०१४ साली जेम्स लुइस आणि मार्टिन फाउलर यांच्या लेखाने ‘मायक्रोसर्व्हिसेस’ हा शब्द घरोघरी पोचवला, आणि प्रत्येक सेवेला स्वतःचा डेटाबेस हा दंडक झाला. लिंक्डइनने २०११ साली खुली केलेली काफ्का ही संदेशवाहिनी त्या डेटाबेसांमधली घडामोड सगळ्यांना कळवू लागली. प्रश्न सुटला, असे तेव्हा म्हटले गेले. अंशतः सुटलाही: फेऱ्या वाचल्या, रात्रीच्या फाइलची वाट पाहणे संपले. पण ‘ग्राहकाचा पत्ता बदलला’ ही वार्ता सात जागी पोचली की पत्त्याच्या सात प्रती तयार होतात, आणि त्यातली खरी कोणती, हा जुनाच प्रश्न अधिक वेगाने विचारला जातो. डेटा वेअरहाउसकडून उत्तर मागण्यात अर्थ नव्हता. तो अहवालासाठी माहिती धुऊन-पुसून मांडतो, मूळ दप्तरातली चूक तिथेच राहते. २०१९ साली झमाक देहगाणी यांनी ‘डेटा मेश’ मांडताना म्हटले, की जो विभाग डेटा निर्माण करतो त्यानेच तो वापरण्याजोगा करून द्यावा. नवे म्हणून त्याचे स्वागत झाले. खरे तर सेवांच्या जगाने मालकीचा जो धडा दीड दशक आधी गिरवला होता, तो विश्लेषणाच्या जगात तेव्हा पोचला.

आपल्याकडे याच विचाराची मोठी चाचणी अकाउंट अॅग्रिगेटरच्या रूपाने झाली. रिझर्व्ह बँकेचे निर्देश २ सप्टेंबर २०१६ चे. प्रत्यक्ष कारभार सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाला. खातेदार संमती देतो, त्याची बँक माहिती कुलूपबंद करून पाठवते, मधला अॅग्रिगेटर ती वाचू शकत नाही. आखणीतला शहाणपणा असा, की सर्वांना लागू होणारा एकच ‘ग्राहक’ घडवण्याच्या फंदात कोणी पडले नाही. बचत खाते, मुदत ठेव, म्युच्युअल फंड असे एकेका प्रकाराचे स्वतंत्र नमुने ठरवले गेले. खाते शोधण्यासाठी मात्र काहीतरी खूण लागतेच, आणि ती खूण मुख्यतः मोबाइल नंबरची. शाखेत कधीकाळी फॉर्मवर लिहिलेला, पुढे बंद पडलेला नंबर बँकेच्या दप्तरात तसाच राहिला असेल, तर सगळी साखळी बिनचूक चालते, सह्या जुळतात, वेळेत उत्तर येते: या ग्राहकाचे खाते सापडले नाही.