औषधांना न जुमानणारा टीबी ओळखणारे यंत्र

तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. वर्धा जिल्ह्यातल्या अशा गावात दोन आठवड्यांचा खोकला घेऊन कुणी दवाखान्यात आले, की दोन प्रश्न उभे राहतात. टीबी आहे का? आणि असला, तर नेहमीच्या गोळ्या लागू पडतील का? दुसऱ्याचे उत्तर मिळवायला पूर्वी बेडक्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवावे लागत. त्यात महिने जात. तोवर निरुपयोगी गोळ्या चालू राहत आणि घरातल्यांना लागण होत राही.

ट्रूनॅट हेच उत्तर काही तासांत देते. बंगळुरूच्या बिगटेकने विकसित केलेले आणि गोव्याच्या मोलबायोने बाजारात आणलेले हे यंत्र टेबलावर मावते, बॅटरीवरही चालते. त्यामुळे वीज गेली तरी तपासणी अडत नाही. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली.

तंत्रज्ञ आधी बेडका रसायनाने पातळ करतो. संचातले पहिले यंत्र त्यातून जंतूचा डीएनए वेगळा काढते. त्याचे जेमतेम सहा मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचाही अंश, बोटाएवढ्या चिपवर सोडले जातात आणि दुसरे यंत्र ती चिप तपासते. जंतू सापडला, तर त्याच डीएनएची दुसऱ्या चिपवर तपासणी होते. टीबीवरच्या रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद न देणाऱ्या जंतूच्या आरपीओबी जनुकात बहुधा बदल झालेला असतो. ही चिप तोच हेरते. इतर औषधांचा निकाल मात्र सहसा मोठ्या प्रयोगशाळेतून येतो.

निदानाइतकेच उपचारही बदलले आहेत. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी पूर्वी दीड-दोन वर्षे औषधे आणि त्यातले कित्येक महिने इंजेक्शने घ्यावी लागत. त्या इंजेक्शनांनी अनेकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्तीही टीबीच्या औषधांनी हिरावली. त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासह अशा टीबीवरच्या बेडाक्विलिन या औषधाचे पेटंट लांबवण्याला हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ते बनवणाऱ्या कंपनीचा अर्ज फेटाळला. 2024 मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सॅसिन या चार औषधांच्या, फक्त गोळ्यांच्या, सुमारे सहा महिन्यांच्या उपचाराला मंजुरी दिली.

हे सहा महिनेही सोपे नाहीत. लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येऊ शकतात, रक्त कमी होऊ शकते. बेडाक्विलिनमुळे ईसीजी काढत राहावे लागते. यंत्र रोग दाखवते. रुग्णाला शेवटच्या गोळीपर्यंत नेतात ते घरचे आणि आशाताई. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत.