शिकल्याची नोंद (लेखांक ५): खिडकीबाहेरची हजेरी

गेल्या आठवड्यात आपण एआयसीसीपाशी थांबलो होतो. विमान उद्योगातल्या मंडळींनी १९८८ साली स्थापन केलेली ही समिती. तिचा धागा पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उचलला. एका यंत्रणेसाठी पैसे मोजून बनवून घेतलेला अभ्यासक्रम दुसऱ्या यंत्रणेत चालत नाही, ही डोकेदुखी त्यांनाही होतीच. १९९७ मध्ये खात्याने एडीएल हा उपक्रम सुरू केला आणि २००० च्या जानेवारीत त्यातून स्कॉर्म हे मानक बाहेर पडले. पाठोपाठ २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली त्याची १.२ ही आवृत्ती अजून निवृत्त व्हायला तयार नाही. परदेशी ग्राहकांसाठी ई-लर्निंग बनवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडे आजही 'स्कॉर्म १.२ मध्ये द्या' अशी मागणी येते.

हे टिकण्यामागे कारण आहे. स्कॉर्मचे काम सरळ असते. अभ्यासक्रमाची एक झिप फाइल, तिच्यात काय काय आहे ते सांगणारी एक यादी, आणि ब्राउझरच्या खिडकीत अभ्यासक्रम उघडल्यावर त्याने एलएमएसशी, म्हणजे अभ्यासक्रम चालवून नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेशी, काय बोलायचे याचे ठरलेले नियम. कोण आला, किती वेळ बसला, किती गुण मिळाले, पूर्ण केले की अर्धवट सोडले. एवढे कळले की नियमपालनाचा अहवाल तयार होतो, आणि बहुतेक कंपन्यांना हवा असतो तो तेवढाच.

अडचण सुरू होते ती खिडकी बंद झाल्यावर. मधेच उठून गेलेल्या माणसाला परत त्याच पानावर आणण्यासाठी १.२ मध्ये ४०९६ अक्षरांची जागा दिली होती. लांबलचक अभ्यासक्रमात प्रत्येक पानाची, प्रत्येक उत्तराची खूण ठेवायची तर ती भरून जाते. मग 'मी तर सगळे केले होते, पुन्हा मागच्याच पानावर कसा आलो?' अशी तक्रार येते, आणि दोष मात्र शिकणाऱ्याच्या माथी जातो. याहून मोठी गोष्ट अशी, की खिडकीबाहेर जे घडते ते स्कॉर्मच्या लेखी घडतच नाही. कारखान्यातल्या कामगाराने आगीविषयीच्या सगळ्या स्लाइड पाहिल्या, याची नोंद मिळते. त्याने मैदानावर अग्निशामक नळकांडे हातात घेऊन पिन ओढली का, याची मिळत नाही.

हे कोडे सोडवायला एडीएलने टेनेसीतल्या रस्टिसी सॉफ्टवेअर या कंपनीला संशोधनाचे काम दिले. त्यातून एप्रिल २०१३ मध्ये एक्सएपीआय या नव्या मानकाची १.० आवृत्ती आली. हिची कल्पना एका वाक्यात मावते, आणि तिचा पायाही वाक्यच आहे: कोणी, काय केले, कशाचे. 'अमुक कामगाराने अग्निशामक वापरून दाखवला.' हवे तर पुढे जोडा: पर्यवेक्षक कोण होता, निकाल काय, किती वेळ लागला. हे वाक्य जेसनच्या साच्यात बसवून एलआरएस नावाच्या नोंदकोठारात पाठवायचे. ते पाठवणारा ब्राउझरच असला पाहिजे असे नाही. पर्यवेक्षकाचा मोबाइल चालतो, सिम्युलेटर चालतो, यंत्रावरचा सेन्सरही चालतो.

यातली मला सर्वात आवडलेली सोय म्हणजे दोन वेगळ्या वेळा. प्रत्यक्ष घटना कधी घडली ही एक, आणि ती कोठारात कधी जमा झाली ही दुसरी. खाणीत किंवा जहाजावर, जिथे नेटवर्क नाही, तिथे केलेल्या कामाची नोंद फोनमध्येच थांबते आणि दोन दिवसांनी वर जाते. तरी घटनेची वेळ खरीच राहते. प्रत्येक वाक्याला स्वतःचा न बदलणारा क्रमांक असल्यामुळे तेच वाक्य चुकून दोनदा पाठवले तरी हजेरी दुप्पट होत नाही.

पण मोकळीक मिळाली की गोंधळ आलाच. एक्सएपीआयमध्ये क्रियापद कोणीही तयार करू शकतो; त्याला वेबपत्त्यासारखी एक ओळख दिली की झाले. एका पुरवठादाराचे 'पूर्ण केले' म्हणजे शेवटचे पान उघडले, दुसऱ्याचे म्हणजे परीक्षाही दिली. दोघांच्या नोंदी एकाच कोठारात. अहवाल काढायला बसलेल्या माणसाने कोणाला प्रमाण मानायचे?

त्यावर उपाय म्हणून २०१६ मध्ये एक्सएपीआय वापरण्याचे नियम ठरवणारे सीएमआय५ आले. मुळात हे काम एआयसीसीचे. समिती २०१४ मध्ये विसर्जित झाली तेव्हा ते एडीएलकडे गेले. सीएमआय५ ने एलएमएसमधून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी नऊ क्रियापदे पक्की केली. त्यात 'माफ' हेही एक. आधीच पारंगत असलेल्या माणसाला तोच पाठ पुन्हा करायला न लावता पुढे सोडायचे, ही गोष्ट प्रत्येक प्रशिक्षण विभाग तोंडी करत आला. आता तिला नोंदीत जागा आहे. पाठ केव्हा पुरा झाला मानायचा, नुसता संपवल्यावर, उत्तीर्ण झाल्यावर की दोन्ही झाल्यावर, तेही अभ्यासक्रमाच्या रचनेतच लिहून ठेवता येते. नव्याने यंत्रणा घेणाऱ्या कंपनीने सरसकट एक्सएपीआयच्या मोकळ्या मैदानात उतरण्याऐवजी इथूनच सुरुवात करावी, असे मला वाटते. मैदानी सरावाची वाक्ये नंतर त्याच कोठारात टाकता येतातच. २०२३ मध्ये आयईईईने एक्सएपीआयची दुसरी मोठी आवृत्ती मानक म्हणून प्रसिद्ध केल्यामुळे हा पाया आता एका खात्याच्या मर्जीवर उभा राहिलेला नाही.

एक प्रश्न मात्र या मानकानेच वाढवून ठेवला आहे. एक्सएपीआयमध्ये नोंद बदलता येत नाही आणि मानकात पुसण्याचीही सोय नाही. चुकीचे वाक्य 'रद्द' करता येते. म्हणजे ते साध्या शोधात दिसेनासे होते, पण कोठारात राहतेच. लेखापरीक्षकाला हे फार सोयीचे. पण युरोपातला जीडीपीआर आणि आपला २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, दोन्हींत ठरावीक परिस्थितीत माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. आणि एक्सएपीआयच्या नोंदीत माणूस ओळखायला सर्रास वापरला जातो तो त्याचा ईमेल. ईमेलचा हॅश, म्हणजे ठरलेल्या गणिताने काढलेली सांकेतिक खूण, करून ठेवण्याची मुभा मानकात आहे, पण ती पळवाट कुचकामी ठरते. ज्याला ईमेल ठाऊक आहे तो तोच हॅश क्षणात काढू शकतो. त्यापेक्षा 'अकाउंट' हा पर्याय वापरावा: यंत्रणेचा पत्ता आणि नावाचा मागमूस नसलेला एक क्रमांक. क्रमांक आणि नाव यांची जोडणी मनुष्यबळ विभागाकडे, कोठाराबाहेर ठेवायची. माणूस नोकरी सोडून गेला आणि कायद्याने नोंद ठेवण्याची मुदत संपली की ती जोडणी तोडायची. हे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते. लाखभर वाक्ये ईमेलसकट जमा झाल्यावर दुरुस्ती होत नाही.

पुढील लेखांकात: पर्यवेक्षकाने मोबाइलवरून भरलेल्या नोंदीवर भरवसा किती ठेवायचा?