कार्निव्हलची तारीख ठरते, बर्फाची नाही! मनालीचं बुकिंग करण्याआधी हे वाचा

मोहोपाडा : मुलांना बर्फ दाखवायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं मनालीचं. तिथे जानेवारीत विंटर कार्निव्हल भरतो. पण तो मुख्यतः मिरवणुका, नाटी नृत्य आणि गाण्यांचा उत्सव. मॉल रोडवर बर्फ असेलच, असं नाही.

हिमालयातला हिवाळी बर्फ येतो पश्चिमी विक्षोभांमुळे. ते कमजोर पडले की डोंगर कोरडे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतारही उघडे पडले होते. २०२५ मध्ये बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया विंटर गेम्स फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. राष्ट्रीय स्पर्धेची ही गत, तर आपल्या चार तिकिटांचं काय?

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलतं. पनवेलहून दिल्लीकडच्या गाड्यांसाठी तेवढं थांबणं परवडत नाही. तिकीट काढाच, पण हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. दोन दिवस जास्तीचे ठेवा. मनालीत बर्फ नसेल, तर ९.०२ किमीच्या अटल बोगद्यापलीकडे, जास्त उंचीवरच्या सिस्सूला मिळण्याची शक्यता अधिक. मात्र जोरदार बर्फवृष्टी झाली, तर हाच रस्ता पर्यटकांसाठी बंद होतो. त्यामुळे निघायच्या सकाळी स्थानिक पोलिसांची सूचना पाहूनच गाडी ठरवा.